बेडकीचे मागचे दोन टायर

घोलवडला चार-पाच दिवस मावशीकडे आराम करायला जाते, असं ऑफिसात सांगून मी निघाले होते. त्यातले दोन दिवस मी मांडीवर गाडीचं चाक घेऊन फिरले. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, "मजा आली का?" मी "हो" म्हणून विषय संपवला. विषय संपवण्यात मी तरबेज आहे. पण या वेळी तोच गुण मला कसा नडला, ते एकदा नीट लिहून काढायचं आहे.

नाशिकहून डहाणूची एसटी जव्हारवरून जाते. घाट उतरला की हवा जड आणि कोमट होते, कंडक्टर मराठीतून तिकीट देता देता गुजरातीत भांडायला लागतो, आणि चारोटीला हायवे ओलांडला की समुद्र अजून दिसत नसताना त्याचा वास येतो. डहाणूहून शेअर रिक्षाने घोलवडला पोचले तेव्हा संध्याकाळचे पाच वाजले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिकूच्या वाड्या (इकडे बागेला वाडी म्हणतात), कुंपणाशी रचलेले प्लास्टिकचे क्रेट, आणि चिकूच्या पानांची ती गडद, थंड सावली. मला बरं वाटलं. ते साधारण दहा मिनिटं टिकलं.

सुमनमावशी, म्हणजे माझ्या आईची मोठी बहीण, ओटीवर खुर्चीत बसली होती. काका गेल्यापासून वाडी तीच बघते. गेल्या वर्षी तिच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झाली. घरात ती काठी घेऊन चालते, पण वाडीतल्या उंचसखल जमिनीवर तिला चालता येत नाही. म्हणून तिने एक जुनी एटीव्ही घेतली होती: मोटरसायकलसारखं हँडल, मोटरसायकलसारखीच सीट, पण खाली चार बुटकी, फुगीर चाकं. मागे छोटी ट्रॉली जोडता येते. वाडीतले सगळे तिला बेडकी म्हणतात, कारण ती तशीच बसते.

बेडकी विटांवर चढवून ठेवलेली होती. मागच्या दोन्ही टायरांना कडेने भेगा पडल्या होत्या, आणि एका टायरमधून तर आतला दोरा बाहेर आला होता.

"रविवारी व्यापारी येणार आहे," मावशी म्हणाली. "वर्षभरासाठी अख्खी वाडी मागतोय. माणसं त्याची, तोडणी त्याची, पाणीही तोच देणार. मी ओटीवर बसायचं."

"तुला द्यायचीय?"

"मला झाडापाशी जाताच येत नाही तर झाड माझं कशाला म्हणायचं? नाल्याकडच्या शेवटच्या रांगा मी तीन आठवड्यांत पाहिल्या नाहीत. रविवारपर्यंत बेडकी चालली तर नाही म्हणेन. नाही चालली तर देऊन टाकेन."

तोडणीचे दिवस होते, शेजारीपाजारी कुणालाच वेळ नव्हता. मी म्हणाले, "मी आणते टायर." म्हटल्याक्षणी मला पश्चात्ताप झाला. दुकानात जाऊन साधी पिन मागायची तरी मी आधी मनात वाक्य जुळवते.

पण अभ्यास मला जमतो. ओल्या फडक्याने टायरची कड पुसली, तेव्हा आकडे दिसले: १८×९.५०-८. मोबाइलवर तासभर वाचून मी वहीत तक्ता काढला. असल्या गाड्यांच्या टायरवर पहिला आकडा म्हणजे टायरची पूर्ण उंची, दुसरा त्याची रुंदी, आणि शेवटचा म्हणजे टायर ज्या लोखंडी चाकावर बसतो त्या रिमचा व्यास. सगळं इंचात. इतकं सरळ. मग कारच्या टायरवर रुंदी मिलिमीटरमध्ये, उंची टक्क्यांत आणि रिम मात्र इंचांत का लिहितात, हे मला कुणीतरी कधीतरी समजावून सांगावं. एकाच टायरवर तीन मापं! जगातली निम्मी चिडचिड असल्या माणसांमुळे असते.

गुरुवारी सकाळी लखमीने मला एक चाक काढून दिलं. लखमी मावशीकडे वीस वर्षं काम करते, वाडीतलं प्रत्येक झाड तिला ओळखतं असं मावशी म्हणते. "रिम संगत ने," ती म्हणाली. "नायतर तो म्हणेल बसंल, नि बसणार नाय." चाक गोणपाटात गुंडाळून मी निघाले.

पहिलं दुकान मसोलीचं. डहाणू रोडला लागूनच, रस्त्याच्या कडेला. दुकानाचे मालक कांतिभाई, साठीचे, चष्मा कपाळावर. मी मनात जुळवलेलं वाक्य बोलले, "एटीन बाय नाइन पॉइंट फिफ्टी डॅश एट पाहिजे. दोन."

"अठरा, साडेनऊ, आठ," ते म्हणाले. "बेडकी का तुमची? कोणाची आहे?"

"आमचीच आहे."

"आमची म्हणजे कोणाची, बेन? कुठली वाडी?"

"घोलवड."

"घोलवडला काय एकच वाडी आहे?" ते हसले. बाकावर चहा पीत बसलेले दोघं माझ्याकडे वळून बघायला लागले. मला हे प्रश्न पाठ आहेत. आधी कोणाची गाडी, मग कोणाच्या तुम्ही, मग कुठे असता, मग एकट्याच आलात का, मग लग्न. मी वहीचं पान पुढे केलं. "साइज लिहून आणलाय."

"साइज मी वाचला. आठ इंची रिम, साइजचं काय एवढं. नाव सांगा, वाडी सांगा, मग बघू."

"स्टॉकमध्ये आहे का?"

"मागवायला लागेल."

"मग मी बघते," असं म्हणून मी चाक उचललं आणि बाहेर पडले. मागून कोणीतरी म्हणालं, "फार घाईत आहेत." मी घाईत नव्हते. मला फक्त टायर हवे होते, ओळखपाळख नको होती.

डहाणू रोड स्टेशनजवळच्या दुसऱ्या दुकानात प्रश्न विचारले नाहीत. तिथल्या माणसाने वही पाहिली, शेवटचा आठ पाहिला आणि आतून रिक्षाचा टायर आणून माझ्यासमोर आपटला.

"हा रिक्षाचा आहे," मी म्हणाले.

"आठ नंबर आहे ना? आठ नंबरच आहे."

"आठ म्हणजे रिमचा व्यास. रुंदी बघा ना. हा चार इंच रुंद आहे, आम्हाला साडेनऊ पाहिजे." मी गोणपाट सोडून रिम दाखवली. ती जवळजवळ माझ्या वीतभर रुंद होती. त्याने रिमकडे पाहिलं, टायरकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दाबून बसवू."

"नाही बसणार."

"ताई, मी वीस वर्षं बसवतोय."

टायरच्या दोन कडा रिमच्या दोन कडांना घट्ट टेकल्या तरच आत हवा राहते. इतक्या रुंद रिमवर चार इंचाचा टायर म्हणजे परकराला शर्टाचं बटण. हे मी त्याला सांगितलं नाही. मनात सांगितलं. त्याने तलासरीला ट्रॅक्टरवाल्याकडे जायला सांगितलं.

तलासरीच्या एसटीत कंडक्टरने चाकाचं तिकीट काढायला लावलं. "मांडीवर ठेवा किंवा सामानात धरतो," तो म्हणाला. मी मांडीवर ठेवलं, तरी त्याने सामानात धरलंच. शेजारी बसलेल्या हिरव्या साडीतल्या बाईंनी विचारलं, "कसलं चाक गं हे?" मी "गाडीचं" म्हणाले. "कोणाच्या?" त्यांनी विचारलं. मी खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर कापणी झालेली भातशेतं, मधूनमधून ताडाची झाडं आणि वीटभट्ट्या. सुंदर असेल. माझ्या मांडीवर काळा डाग पडला होता.

तलासरी नाक्यावर ट्रॅक्टरच्या टायरचं दुकान होतं. तिथले टायर माझ्या खांद्याएवढे. मालक म्हणाला, "याहून लहान म्हणजे खेळण्यातला." पुढे म्हणाला, "घरात कोणी पुरुष माणूस नाही का? त्याला पाठवा, नीट बोलता येईल." मी पाच मिनिटं नीटच बोलत होते, रिमही दाखवली होती, तरी मी काय मागते आहे ते त्याला कळलं नाही. पुरुष माणसाने आणखी कोणता आकडा सांगितला असता, कोण जाणे. "अच्छाडला बघा," तो शेवटी म्हणाला, "तिथे काहीही मिळतं."

अच्छाड म्हणजे हायवेवरचा सीमानाका. गुजरात तिथून हाकेच्या अंतरावर. ट्रकांच्या रांगा, डिझेलचा धूर, आणि एकाला एक लागून ढाबे आणि टायरची दुकानं. मी एका ढाब्यावर शेव-टमाट्याची भाजी आणि जाड रोटी खाल्ली. दिवसातली तीच एक चांगली गोष्ट. वेटरने चाकासाठी वेगळी खुर्ची ओढून दिली आणि विचारलं, "यांना काय आणू?" मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

चौथ्या दुकानात टायर मिळाले. खरंच मिळाले! अठरा, साडेनऊ, आठ, दोन्ही नवे. किनाऱ्यावरच्या कुठल्या तरी हॉटेलवाल्याने मागवले आणि नेलेच नाहीत. बोटाएवढे खोल दात, दातांमध्ये रुंद फटी. मोबाइलवर वाचलेल्या यादीत हाच प्रकार सगळ्यांत वर होता. चिखल, दगड, उतार, कुठेही पकड सोडत नाही.

दुकानदार उंच, दाढीवाला, तोंडात सुपारी. "मॅडम, गाडी चालणार कुठे?"

"घरी."

"घरात चालवणार?" टायर बदलायला थांबलेले दोन ड्रायव्हर हसले. "म्हणजे किचनमधून हॉलमध्ये?"

माझे कान तापले. "साइज बरोबर आहे ना? मग द्या." त्याने खांदे उडवले. एक टायर रिमवर चढवला, दुसरा गोणपाटात बांधून दिला. एसटीत मी दोन्ही सामानात धरले, कंडक्टरने काही म्हणायच्या आत.

संध्याकाळी घोलवडला पोचले तेव्हा मी थकले होते, पण खूश होते. मावशी टायरवरून हात फिरवत होती. तेवढ्यात लखमी आली. तिने टायरच्या दातांत बोट घालून पाहिलं.

"हे काय आणला? हे तर वाघाचे पंजे हायेत."

"साइज बरोबर आहे, लखमीताई. एक इंच इकडेतिकडे नाही."

"साइज असंल. ये माझ्याबरोबर."

नव्या टायरचं चाक ढकलत ती मला वाडीत घेऊन गेली. एका झाडाखाली वाकून तिने वाळलेली पानं हाताने बाजूला सारली. खाली मातीत, अगदी वरच्यावर, सुतासारख्या तांबूस मुळांची जाळी पसरली होती. "चिकू ह्यांच्यानंच जेवतो," ती म्हणाली. मग तिने चाकावर हाताने भार देऊन ते दोन हात पुढे लोटलं. मातीत दातांचे खड्डे उठले आणि खड्ड्यांत तुटलेली मुळं दिसली. तिने चाक आणखी थोडं लोटलं. ठिबकची काळी नळी दातात अडकली, ताणली गेली आणि तिच्या सांध्यातून निघाली. पाणी माझ्या चपलेवर आलं.

"नुसता चाक एवढा करतो. मावशी बसल्यावर काय करंल? नि रोज दोन फेऱ्या."

लखमीने नळी परत जोडली. "त्याला सांगितला का तू, वाडीत चालवायचीय?"

"त्याने विचारलं होतं," मी म्हणाले.

"मग?"

मग काय. मला वाटलं होतं, तो चौकशा करतोय. मसोलीचे कांतिभाईही चौकशा करत होते. दिवसभर लोक मला एकच प्रश्न विचारत होते, आणि मी इंचांची वही पुढे करून तो टाळत होते. वहीत सगळं होतं. गाडी कशावरून चालणार आहे, तेवढंच नव्हतं.

मावशीला सांगितलं तेव्हा तिने फक्त "बरं" म्हटलं. ओरडली असती तर परवडलं असतं. ती खुर्ची वळवून, अंधार पडेपर्यंत वाडीकडे बघत बसली.

शुक्रवारी पुन्हा तोच रस्ता. अच्छाडचा दुकानदार टायर परत घ्यायला तयार होईना. "चढवलेला टायर मी परत कसा घेऊ? कालच विचारलं होतं मी."

"हो, तुम्ही विचारलं होतं. मी नीट सांगितलं नाही," मी म्हणाले. "चिकूच्या वाडीत चालवायची आहे. मावशीचे गुडघे गेलेत, या गाडीशिवाय तिला झाडांपर्यंत जाता येत नाही. आणि हे टायर मुळं तोडतात."

तो सुपारी चघळायचा थांबला. "चिकूमध्ये? चिकूमध्ये हा टायर?" त्याने आतल्या माणसाला हाक मारून हीच गोष्ट गुजरातीत सांगितली, आणि दोघांनी माझ्याकडे अशा दयेने पाहिलं की मला पुन्हा राग आला. पण त्याने चढवलेला टायर उतरवला आणि दोन्ही परत घेतले. "मसोलीला जा. कांतिभाई वाड्यांचंच काम करतो. त्याच्याकडे आधी जायला पाहिजे होतं."

मी त्याला सांगितलं नाही, की गेले होते.

कांतिभाईंच्या दुकानात बाकावर तेच दोघं होते. चहाही बहुतेक तोच. मी चाक खाली ठेवलं, आणि कोणी काही विचारायच्या आत एका दमात बोलले, "मी सुमनताईंची भाची. घोलवडला, रेल्वे फाटकाच्या पलीकडे, नाल्यापर्यंत जाते ती वाडी. मी नाशिकला असते, एकटीच आले आहे. आणि लग्न झालेलं नाही."

बाकावरचे दोघं चहा प्यायचे थांबले.

"अरे, सुमनबेनची बेडकी!" कांतिभाईंनी चष्मा डोळ्यांवर आणला. "मग बोलायचं ना काल! लग्नाचं मी काही विचारलं नव्हतं. त्यांची वाडी पुढून रेताड, मागे नाल्याकडे चिकट माती. ठिबक आडवं टाकलंय. बरोबर?"

"बरोबर."

"त्यांना दातवाला टायर चालतच नाही. तिथे पाहिजे चपट्या नक्षीचा, हिरवळीवर चालवतात तसला. जमिनीवर पसरतो, खणत नाही. म्हणून तर विचारतो कोणाची वाडी. समुद्राकडच्या वाळूतला टायर वेगळा, डोंगराकडचा वेगळा. आकडा तर सगळ्यांचा तोच."

मी वही उघडली आणि लिहायला लागले. ते खूश झाले आणि आणखी सांगत गेले. दोन्ही मागचे टायर एकाच उंचीचे हवेत, एक झिजलेला आणि एक नवा ठेवला तर गाडी एका बाजूला ओढते. अठराऐवजी वीसचा घातला तर वर मडगार्डला घासतो. आणि हवा. "रिक्षात तीस पौंड भरतात. ह्याच्यात पाच. कोणी जास्त भरायला लागला तर हात धर त्याचा. अंगठ्याने दाबला तर टायरचं पोट आत गेलं पाहिजे, तरच तो नळीवरून जाईल आणि नळी वाचेल."

त्यांनी वापीला फोन लावला; तिथे तसले दोन टायर होते. घोलवडचा चिकू घेऊन गेलेला एक ट्रक शनिवारी सकाळी रिकामा परत येणार होता, त्यात टायर टाकायचं ठरलं. "आलाच नाही तर?" मी विचारलं.

"चिकू न्यायला तर येईल ना?" ते म्हणाले.

शनिवारी अकरा वाजले, बारा वाजले. मावशी विचारत नव्हती, आणि तिचं ते न विचारणं मला सहन होत नव्हतं. दीड वाजता मी दोन्ही चाकं घेऊन मसोलीला जाऊन बसले, त्याच बाकावर. त्या दोघांनी सरकून जागा दिली. अडीचला ट्रक आला. चिकूच्या रिकाम्या क्रेटांवर दोन टायर, चपट्या नक्षीचे, अगदी साधे दिसणारे. दुकानात बघून मी कधी निवडलेच नसते. कांतिभाईंनी ते चढवले, पाच पौंड हवा भरली आणि माझा अंगठा धरून टायरवर दाबला. पोट आत गेलं.

साडेचारला बेडकी विटांवरून उतरली. मावशी एका बाजूने सीटवर बसली, काठी पुढच्या दांडीला अडकवली आणि निघाली. लखमी आणि मी मागून चालत होतो. लखमी वर बघतच नव्हती, जमिनीकडे बघत होती. टायर नळीवरून गेला, नळी दबली आणि पुन्हा वर आली. मातीवर फक्त एक पुसट पट्टा उठला.

"चालंल," लखमी म्हणाली.

शेवटच्या रांगेशी मावशी थांबली. एक फांदी खाली ओढून तिने फळावर नखाने बारीकसा ओरखडा काढला आणि सालीखालचा रंग बघितला. "आठ दिवस आधी तोडायला हवा होता हा," ती लखमीवर ओरडली. "कोणाचं लक्ष नाही इकडे!" लखमी हसत होती. तीन दिवसांत मावशीचा आवाज इतका मोठा मी पहिल्यांदाच ऐकला.

रविवारी सकाळी व्यापारी आला. ओटीवर कोणी नव्हतं. मी त्याला नाल्याकडचा रस्ता दाखवला. पांढरी पँट सांभाळत तो शेवटच्या रांगेपर्यंत चालत आला, तेव्हा मावशी बेडकीवर बसून तोडणाऱ्यांना सूचना देत होती.

"काकी, तुम्ही इथे?" तो धापा टाकत म्हणाला. "मला वाटलं..."

"चिकू घ्यायचा असेल तर क्रेटवर घे. वाडी नाही द्यायची," मावशी म्हणाली. "आणि परत जाताना त्या बाजूने जा, इथे नळ्या आहेत."

दुपारच्या एसटीने मी निघाले. मावशीने पिशवीत इतके चिकू भरले होते, की ते चाकापेक्षा जड झाले. खिडकीशी बसून मी वही चाळली. तक्ता अजून बरोबर होता. त्यातला एकही आकडा चुकलेला नव्हता, आणि तरी त्याच्यापायी दोन दिवस आणि एका झाडाची मुळं गेली होती. लोकांच्या प्रश्नांचा मला अजूनही वैताग येतो. तो जाईल असं वाटत नाही. पण त्यातला एखादा प्रश्न कामाचा असतो, आणि सगळे टाळले की तोही टळतो.

कासा सोडल्यावर शेजारच्या बाई म्हणाल्या, "टायर मिळाले का मग?"

मी वळून पाहिलं. आज साडी निळी होती, पण त्याच बाई होत्या, गुरुवारच्या तलासरीच्या गाडीतल्या.

"मिळाले," मी म्हणाले. आणि मग सांगितलं: मावशी, बेडकी, वाघाचे पंजे, सगळं. त्यांनी अधूनमधून माझ्या लग्नाचं विचारलं, तेही सांगितलं. विक्रमगडला त्या उतरणार होत्या. सामान आवरता आवरता म्हणाल्या, "माझ्या भावाकडे पण तसलीच गाडी आहे. टायर गेलेत तिचे. तू एवढं शिकलीस, तर लिहून दे ना मला, कुठला घ्यायचा ते."

मी वही काढली, पेन काढलं, आणि विचारलं, "गाडी चालते कुठे?"